‘शहरात जाताना पाणी पिऊ नका’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर ‘साठीनंतर शहर : सहा सत्ये’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. वर हात जोडलेल्या आजोबांचे चित्र आहे, खाली ‘एका नामवंत वृद्धरोगतज्ज्ञाचा सल्ला’ अशी ओळ आहे, आणि त्या तज्ज्ञाचे नाव, गाव, रुग्णालय यांपैकी काहीही नाही. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : शहर तरुणांसाठी असते, म्हणून साठी उलटलेल्यांनी गावातच राहावे, ‘ज्येष्ठांना अनुकूल शहर’ ही कुटुंबव्यवस्था मोडलेल्या परदेशांची कल्पना आहे, शहरात जावेच लागले तर सकाळपासून पाणी पिऊ नये, म्हणजे लघवीची अडचण येत नाही आणि घाईत पडून हाड मोडत नाही, एसटीच्या मोफत प्रवासामुळे म्हातारी माणसे विनाकारण फिरू लागली आहेत आणि त्यांनी एसटी बुडवली आहे, आता सगळी कामे मोबाईलवर होत असल्यामुळे त्यांना शहराची गरजच उरलेली नाही, आणि उतार, कठडे, बाके यांवर नगरपालिकांनी खर्च करणे म्हणजे करदात्यांचा पैसा नाल्यात टाकणे.

असे संदेश मी एरवी पुसून टाकते. हा पुसून भागले नाही, कारण पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाने तो काळजीपोटी माझ्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या काकूला, पाठवला, शेजारच्या मुलीने तो तिला वाचून दाखवला आणि मोठ्या आईने त्यातला पाण्याचा सल्ला तंतोतंत पाळला. तिचे वय चौऱ्याहत्तर. मे महिन्यात, गरीब ज्येष्ठांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला ती यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तालुक्याला गेली ती पोटात सकाळच्या अर्ध्या कप चहावर, आणि बँकेच्या रांगेत तिला भोवळ आली. रांगेतल्या एका बाईने लिंबूपाणी पाजले म्हणून निभावले. त्यामुळे क्रम मोडून मी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीचे पाच मुद्दे चुकीचे किंवा अर्धवट असले तरी त्यांच्यामुळे कुणी सलाईनवर जाणार नाही, हा मुद्दा मात्र विदर्भातल्या उन्हाळ्यात जीव घेऊ शकतो.

वाढत्या वयात शरीराची पाणी सांभाळण्याची ताकद कमी होते, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातला कोणताही डॉक्टर सांगेल. तहान लागल्याची जाणीवच मंदावते, त्यामुळे शरीराला पाणी हवे असूनही म्हातारा माणूस ते मागत नाही. घाम कमी येतो, म्हणून अंग आतून थंड ठेवण्याची सोय दुबळी होते. लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याची मूत्रपिंडांची क्षमता उतरते, म्हणजे पाणी पिणे बंद केले तरी पाणी बाहेर जाणे तितक्या प्रमाणात थांबत नाही. त्यातच साठीनंतर अनेकांना रक्तदाबाची गोळी चालू असते, आणि तिच्यातले काही प्रकार लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढूनच रक्तदाब उतरवतात. अशी गोळी घेतलेला माणूस सकाळपासून कोरडा राहून एसटी पकडतो, उभ्याने प्रवास करतो आणि मग पत्र्याच्या शेडखाली रांगेत थांबतो, तेव्हा त्याचा रक्तदाब एकाएकी खाली येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि तोल जाणे यात नवल काहीच नाही. पडू नये म्हणून पाणी पिऊ नका, असे सांगणारा हा तज्ज्ञ पडण्याचीच पूर्वतयारी करून देतो आहे.

ज्या अडचणीवर उपाय म्हणून हे सांगितले, ती अडचणही त्याने कमी होत नाही. पाणी कमी गेले की लघवी घट्ट होते, ती मूत्राशयाला टोचते, आणि थोडीच साचलेली असतानाही घाईची लागल्यासारखे वाटते. कमी पाण्यामुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. बद्धकोष्ठ वाढते ते वेगळेच. म्हणजे शहरातल्या दोन तासांसाठी केलेला हा उपास पुढचे आठ दिवस भोगावा लागू शकतो.

आणि हे सांगितले जाते आहे कुठे, तर विदर्भात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि चंद्रपूर व ब्रह्मपुरी ही नावे देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या बातम्यांत मे महिन्यात वारंवार येतात. उष्णतेची लाट काय करते याची मोजदाद अहमदाबादने केलेली आहे. तिथे मे २०१० मधल्या मृत्यूंची २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी तुलना केली तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा तयार केला, आणि पुढे नागपूरनेही तीच वाट धरली. या आराखड्यांचा सगळा भर लोकांपर्यंत पाणी पोहोचवणे, सावली करणे, आगाऊ इशारा देणे आणि म्हाताऱ्या माणसांकडे व लहान मुलांकडे विशेष लक्ष ठेवणे यांवर आहे. हा अनामिक तज्ज्ञ नेमके त्याच्या उलट सांगतो, आणि आपण ‘उपयुक्त माहिती’ म्हणून ते पुढे ढकलतो.

या मुद्द्यात जे अर्धे खरे आहे ते नाइलाजाने मान्य करते. लघवीची घाई झाल्यामुळे धावपळीत पडणारी म्हातारी माणसे असतात, हे खरे आहे. रात्री वारंवार उठावे लागत असेल तर झोपण्याच्या आधीचे दोन तास पाणी बेताने प्यावे, असे डॉक्टरही सुचवतात. पण ते पाणी दिवसा भरून काढायचे असते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही आजारांत डॉक्टर पाण्याचे माप ठरवून देतात, आणि ते माप त्या माणसाने पाळलेच पाहिजे. मात्र ‘साठीनंतर सर्वांनी’ असा सरसकट हुकूम काढण्याचा अधिकार यांतल्या कोणत्याही गोष्टीने मिळत नाही.

खरे सांगायचे तर पाणी न पिता बाहेर पडणे ही या संदेशाची निर्मिती नाही. आमच्या गावातल्या बाया आठवडी बाजाराला, लग्नाला, तहसीलला जाताना पिढ्यान्पिढ्या हेच करत आल्या आहेत. संदेशाने त्यावर डॉक्टरी शिक्का तेवढा मारला. मी मोठ्या आईवर चिडले तेव्हा ती म्हणाली, “लघवीले कुठी जाऊ मी थ्या बाजारात? त्यापेक्षा पाणी न पेलेलं बरं.” या उत्तरात खोट काढता येत नाही. तिची तहान हा तिच्या म्हातारपणाचा दोष नसून ज्या गावाला ती कामासाठी जाते त्या गावातल्या सोयींचा दोष आहे, आणि माझा या संदेशावरचा सगळा राग इथे येऊन थांबतो : जे काम नगरपालिकेने, बँकेने, बसस्थानकाने करायचे, ते म्हाताऱ्या माणसाच्या शरीराकडून करवून घेण्याची ही युक्ती आहे.

तालुक्याच्या कोणत्याही गावाची बाजारपेठ डोळ्यांपुढे आणा. बायांसाठी स्वच्छतागृह असलेच तर ते रस्त्याच्या आत, नालीवरच्या दोन उंच पायऱ्यांपलीकडे असते. दाराला कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. आत बसायचे भांडे असते, पण उठताना धरायला भिंतीत साधा लोखंडी दांडाही नसतो, त्यामुळे गुडघे गेलेली बाई बसली तर उठायची कशी हा प्रश्न उरतो. फरशी ओली, उजेड नाही, आणि बाहेर पाटी नसल्यामुळे ते आहे हेच परगावच्या माणसाला कळत नाही. एक कमोड, दोन दांडे, एक दिवा, एक पाटी आणि किल्लीऐवजी माणूस, एवढ्यावर हा प्रश्न बराचसा सुटतो. त्याच्या शेजारी पिण्याचे थंड पाणी आणि सावलीतले एक बाक ठेवले, तर उन्हाळ्यात तालुक्याला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी गावाने निम्मे काम केले असे मी म्हणेन.

ही मागणी परदेशी आहे, असे दुसरा मुद्दा म्हणतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी परगावी आलेल्या गोरगरिबांना टेकायला जागा मिळावी म्हणून पंढरपूरला आणि नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. ती कल्पना त्यांनी कोणत्या परदेशातून आणली होती? उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला माठ मांडून प्याऊ लावणे, वडाखाली पार बांधणे, हे आमच्या गावांनी कुणाला विचारून केलेले नाही. पार आजही आहेत. त्यांवर आता मोटारसायकली उभ्या असतात, हा भाग निराळा.

परंतु ‘ज्येष्ठांना अनुकूल शहर’ ही आजची कल्पना कुठून आली, हे मूळ कागदावरून पाहणेच बरे. जागतिक आरोग्य संघटनेने १ ऑक्टोबर २००७ रोजी, म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिनी, या विषयावर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ती तयार करताना २२ देशांतल्या ३३ शहरांत म्हाताऱ्या माणसांचे गट बसवून त्यांना विचारण्यात आले की तुमच्या गावात राहताना सोयीचे काय आहे, अडते कुठे, आणि काय केले तर बरे होईल. या शहरांमध्ये आपली नवी दिल्ली आणि उदयपूर होती, शेजारचे इस्लामाबाद होते, आफ्रिकेतले नैरोबी होते. म्हणजे ज्या देशांत एकत्र कुटुंबे अजून टिकून आहेत असे संदेशकर्ता समजतो, तिथल्याच आजी-आजोबांच्या तोंडचे बोल त्या कागदात उतरलेले आहेत. त्यांच्या सांगण्यावरून मार्गदर्शिकेने आठ विषय ठरवले : मोकळ्या जागा आणि इमारती, प्रवास, घर, लोकांत मिसळणे, मान राखला जाणे, गावच्या कारभारात आणि कामधंद्यात वाटा, माहिती मिळणे, आणि आरोग्य व मदतीच्या सेवा.

त्या आठ विषयांखालच्या तपासण्याच्या गोष्टी वाचल्या की आपल्याच तालुक्याच्या गावाबद्दल कुणी लिहिले आहे असे वाटते. स्वच्छतागृहे पुरेशी, स्वच्छ, सापडतील अशा ठिकाणी आणि पाटी लावलेली असावीत. बसायला जागा ठरावीक अंतरावर, विशेषतः बसथांब्यावर असावी. चालकाने म्हातारा प्रवासी बसेपर्यंत गाडी हलवू नये. कार्यालयांत आणि दुकानांत त्यांच्यासाठी वेगळी रांग किंवा खिडकी असावी. छापलेले अर्ज मोठ्या अक्षरांत आणि सोप्या शब्दांत असावेत, फोनवरचे यांत्रिक उत्तर सावकाश बोलणारे असावे. यातले काय आपल्या संस्कृतीत बसत नाही, ते संदेशकर्त्याने सांगावे. आणि हेही त्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे की अशा सोयींचा लाभ फक्त म्हाताऱ्यांना होत नाही. मूल कडेवर घेतलेली बाई, पाय मोडलेला तरुण, अपंग माणूस, सगळे त्याच उताराने चढतात आणि त्याच बाकावर बसतात.

कुटुंबाच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला सांभाळले जाते, आणि बहुतेक ठिकाणी मनापासून सांभाळले जाते, हे मान्य. पण हा संदेश ज्या नातवाने पाठवला तो पुण्यात आहे, त्याचा बाप सोयाबीनच्या शेतात आहे आणि आई रोजाने जाते. मग मोठ्या आईसोबत तालुक्याला जायचे कुणी? कुणी गेलेच तर त्या दिवसाची मजुरी बुडते. बसस्थानकावर बाक आणि बँकेत वेगळी खिडकी असली, तर ती एकटी जाऊन येऊ शकते आणि घरातल्या कुणाचा रोज पडत नाही. त्या सोयींमुळे कुटुंब मोडत नाही, उलट त्याच्या डोक्यावरचे ओझे हलके होते. शिवाय ज्या देशात सगळेच म्हातारे कुटुंबात सुखाने असतात, त्या देशाच्या संसदेला २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला नसता. त्या कायद्यात मुलांकडून निर्वाह मिळवण्यासाठी न्यायाधिकरण आहे, तसेच सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूदही आहे, आणि ही दुसरी तरतूद आपण जवळजवळ विसरूनच गेलो आहोत.

पहिला मुद्दा, ‘साठीनंतर गावातच राहावे’, हा ऐकायला गोड आहे आणि त्यातही थोडे तथ्य आहे. ओळखीच्या घरात, ओळखीच्या शेजारात म्हातारपण काढणे बहुतेकांना मानवते, आणि मुलाच्या पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर दिवसभर कुलूपबंद बसलेल्या आईवडिलांची तगमग मी पाहिलेली आहे. पण या सल्ल्यात नवे काय? २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे १०.४ कोटी होती, आणि त्यांतली साधारण ७१ टक्के खेड्यांतच राहत होती. ती गावातच आहेत. अडचण अशी की बँक, तहसील, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, दात, चष्मा, कोर्टाची तारीख आणि औषधाचे मोठे दुकान गावात नाही. खेड्यातल्या माणसासाठी शहर ही राहण्याची जागा नसली तरी टाळता येणारी जागाही नाही. आणि ज्या निवृत्त शिक्षकाने, ज्या शिंप्याने, ज्या भाजीवालीने आपले सगळे आयुष्य तालुक्याच्या गावातच काढले, त्यांनी साठी उलटली म्हणून कोणत्या गावाला जायचे, याचे उत्तर संदेशात नाही.

एसटीचा मुद्दा. राज्यात २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांपुढच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्धे तिकीट लागते, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांनाही अर्धे तिकीट आहे. सवलतीची रक्कम महामंडळाला भरून देण्याची जबाबदारी राज्य शासनाची आहे, त्यामुळे ‘म्हाताऱ्यांनी एसटी बुडवली’ हे वाक्य हिशेबातच बसत नाही. गाड्यांत गर्दी वाढली आणि कॉलेजची पोरे दारात लोंबकळत येतात, हे मात्र खरे आहे. त्यावर उपाय गाड्या वाढवण्याचा आहे. ‘विनाकारण फिरतात’ या आरोपाबद्दल एवढेच म्हणते की बहिणीला भेटायला जाणे, पोळ्याला माहेरी जाणे, सोबतीणीच्या घरच्या तेरवीला जाणे ही कारणे नाहीत असे ज्याला वाटते, त्याने साठी ओलांडेपर्यंत थांबावे. माझी तक्रार वेगळी आहे : तिकीट फुकट झाले, पण गाडीची पहिली पायरी अजून तितकीच उंच आहे, आणि दाराचा दांडा धरून स्वतःला वर ओढायची ताकद पंचाहत्तरीत कितीजणांकडे उरते?

‘सर्व कामे मोबाईलवर होतात’ हा पाचवा मुद्दा बहुधा अशा माणसाने लिहिला असावा ज्याने कधी म्हाताऱ्या शेतमजुराचा अंगठा यंत्रावर टेकवून पाहिलेला नाही. आयुष्यभर निंदण, खुरपण, कापूस वेचणे आणि धुणीभांडी केलेल्या हातांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, आणि यंत्र पुन्हा पुन्हा नकार देते. बोटांऐवजी डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे. पण ती वापरणारा कर्मचारी, चालू असलेले यंत्र आणि ‘आजी, घाई नाही’ असे म्हणणारा आवाज ही सगळी तालुक्यालाच भेटतात. हयातीचा दाखला घरबसल्या चेहऱ्यावरून देता येतो, हे खरे आहे आणि ज्यांच्या घरी चांगला फोन आणि तो चालवणारे नातवंड आहे त्यांनी तसा जरूर द्यावा. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि तिची अट कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असण्याची आहे. त्या घरात असा फोन गृहीत धरणे हा विनोद आहे.

इथे एक उपयोगाची माहिती देते, जी त्या संदेशापेक्षा पुढे पाठवण्याच्या लायकीची आहे. रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्व बँकांना कळवलेले आहे की ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग ग्राहकांसाठी शाखेत वेगळी, ठळक दिसणारी खिडकी असावी किंवा त्यांना प्राधान्य द्यावे, आणि सत्तरीच्या पुढच्या तसेच आजारी वा अपंग ग्राहकांना पैसे घरपोच देणे-घेणे यासारख्या मूलभूत सेवा घरी द्याव्यात. मोठी आई ज्या शाखेत भोवळ येऊन बसली तिथे अशी खिडकी नव्हती. मी परिपत्रकाची प्रत नेऊन दाखवली तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी माणसे कमी असल्याचे सांगितले, आणि ते बहुधा खरेच असावे. तरीही पुढच्या वेळी दाराजवळ दोन खुर्च्या दिसल्या आणि चौकीदार म्हाताऱ्यांना टोकन देऊन त्यांवर बसवत होता. परिपत्रकातली खिडकी अजून व्हायची आहे. पण तेवढ्या दोन खुर्च्यांना कोणत्याही मंजुरीची गरज लागली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सहावा मुद्दा खर्चाचा. त्यावर फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो खर्च बहुतेक वेळा वेगळा पडतच नाही. तालुक्याच्या गावांत दरवर्षी नाल्यांची आणि रस्त्यांची कामे निघतात, आणि नाल्यावरचे सिमेंटचे झाकण रस्त्यापासून एवढे उंच टाकले जाते की म्हाताऱ्या माणसाला त्यावर चढण्यासाठी कुणाचा तरी खांदा शोधावा लागतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे पादचाऱ्यांसाठीचे २०१२ चे निकष म्हणतात की पदपथाची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात. तेच सिमेंट, तोच गवंडी. फक्त माप कागदावर आधी लिहिलेले हवे. काम झाल्यावर फोडून उतार करायचा तर दुप्पट पैसे लागतात आणि तेव्हा ‘निधी नाही’ हे उत्तर ठरलेले असते, म्हणून नगर परिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडले जाण्याआधी, दिवाळीनंतरच, आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तिच्यात पहिल्या ओळीत बाजारातले स्वच्छतागृह लिहावे, उतार आणि कठडे त्याच्या खाली.